नाकारणं हाच पुरावा ठरतो तेव्हा : आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल'



मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला होता. वेळ संपत आली होती, म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी सविस्तर बोलू. प्रश्न असा होता : 'सर, अख्खं गावच्या गाव एकाएकी वेडं कसं होतं? कालपर्यंत जिच्याकडून विरजण मागून नेलं, त्याच शेजारणीला लोक फासावर कसे चढवतात?'

प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी आज मी एक नाटक निवडलं आहे. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचं 'द क्रुसिबल'. जानेवारी १९५३ मध्ये ते न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर प्रथम रंगमंचावर आलं. क्रुसिबल म्हणजे मूस. सोनार सोनं वितळवायला जी मूस वापरतो, ती. आगीत घातल्यावर सोनं कुठलं आणि हिणकस कुठलं ते कळतं, असा नावाचा अर्थ.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. गाव वेडं होत नाही, असं माझं म्हणणं आहे. भीती असते, द्वेष असतो, पण ती गावात नेहमीच थोडीफार असतात. त्यानं माणसं मरत नाहीत. माणसं मरतात ती तेव्हा, जेव्हा शहाणी, शिकलेली, अधिकारावर बसलेली माणसं पुराव्याचा एक असा नियम मान्य करतात, की ज्यातून निर्दोष माणसाला बाहेर पडायला दारच उरत नाही. एकदा तो नियम मान्य केला, की पुढचं सगळं अगदी शिस्तीत, कागदोपत्री, सही-शिक्क्यानिशी होतं.

आधी इतिहास थोडक्यात बघू.

गोष्ट १६९२ सालची. इकडे आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीला होते, तो काळ. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत. तिथे राहणारे लोक प्युरिटन पंथाचे, म्हणजे अतिशय कडक धर्माचरण मानणारे. सैतान ही त्यांच्या दृष्टीनं कल्पना नव्हती, आपल्या घरामागच्या जंगलात फिरणारी खरी शक्ती होती. त्यात सरहद्दीवर मूळ रहिवाशांशी लढाया चालू, घरंदारं सोडून आलेले निर्वासित गावात, शेतांच्या हद्दींवरून वर्षानुवर्षांची भांडणं. अशा सेलम गावात रेव्हरंड सॅम्युएल पॅरिस यांच्या घरातल्या दोन मुली, त्यांची नऊ वर्षांची लेक बेट्टी आणि अकरा-बारा वर्षांची भाची ॲबिगेल, विचित्र वागू लागल्या. झटके यायचे, किंचाळायच्या, अंग वेडंवाकडं व्हायचं. औषधानं गुण येईना, तेव्हा निदान झालं ते चेटकाचं. मुलींना विचारलं गेलं, तुम्हाला कोण छळतंय? इथे लक्षात घ्या, 'कुणी छळतंय का' असा प्रश्न नव्हता. 'कोण' असा होता.

पहिली तीन नावं कुणाची आली? टिटुबा, म्हणजे पॅरिसच्याच घरातली गुलाम बाई. सारा गुड, दारोदार मागून खाणारी. आणि सारा ऑस्बर्न, आजारी आणि बरेच दिवस चर्चला न गेलेली. तिघींच्याही पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं. सुरुवात नेहमी अशीच होते. पण ती तिथे थांबत नाही, हेही सेलमनं दाखवलं. काही महिन्यांत दीडशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी झाली, त्यांत १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगावर दगड रचून त्याचा जीव घेतला गेला. निदान पाच जण तुरुंगात मेले. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी कित्येक महिने तुरुंगात होती.

आता नाटकाकडे येऊ. चार अंकांची सगळी गोष्ट मी सांगणार नाही. मला त्यातली पाच ठिकाणं दाखवायची आहेत. तर्कशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे माझी नजर तिथेच जाते.

पहिलं ठिकाण, पहिला अंक. मुली रात्री जंगलात नाचताना पॅरिसनी पाहिलेलं आहे. नाचणं हे तिथे पाप. मुली घाबरलेल्या आहेत, मार बसणार म्हणून. रेव्हरंड हेल नावाचे विद्वान जाडजूड ग्रंथ घेऊन आलेले आहेत. ते टिटुबाला दरडावतात. ती आधी नाही म्हणते. नाही म्हटल्यावर चाबकाची आणि फाशीची भाषा सुरू होते. हो म्हटल्यावर? हेल यांचा आवाज मऊ होतो. आता तू देवाची झालीस, फक्त सैतानाबरोबर आणखी कोण होतं ते सांग. आणि टिटुबा नावं सांगते. तिला जे समजलं ते खोलीतल्या मुलींनाही समजतं. नाकारलंत तर मरण, कबूल केलंत तर क्षमा, आणि कबुली खरी आहे हे दाखवण्यासाठी दुसऱ्याचं नाव. प्रत्येक कबुलीतून दोन-चार नवे आरोपी. साथ पसरावी तसं हे पसरतं. आणि ही केवळ मिलर यांची कल्पना नाही. प्रत्यक्ष सेलममध्ये पन्नासच्या आसपास लोकांनी कबुली दिली, आणि कबुलीवर कायम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेल नावाच्या माणसानं कबुली देऊन नंतर ती मागे घेतली, म्हणजे खरं सांगितलं. त्याला फाशी झाली.

दुसरं ठिकाण तिसऱ्या अंकातलं. डेप्युटी गव्हर्नर डॅनफर्थ न्यायाधीश म्हणून बसले आहेत. नाटकातला हा माणूस मूर्ख नाही, लाचखाऊ नाही, क्रूरपणाची त्याला आवड नाही. तो अगदी शांतपणे आपला युक्तिवाद मांडतो. सारांश असा : साध्या गुन्ह्यात साक्षीदार बोलावता येतात. पण चेटूक हा मुळातच अदृश्य गुन्हा. त्याला साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिनं छळलेला माणूस. चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही. म्हणून छळलेल्यांच्या शब्दावरच भिस्त ठेवायला हवी.

ऐकताना बिनतोड वाटतं ना? मी वर्गात हा युक्तिवाद फळ्यावर लिहायचो आणि मुलांना म्हणायचो, चूक शोधा. पंधरा-पंधरा मिनिटं जायची. चूक अशी आहे की, छळलेला माणूस 'छळलेला' आहे हेच तर सिद्ध करायचं आहे. तेच त्यांनी आधी गृहीत धरलं. गुन्हा झालाच आहे, फक्त गुन्हेगार सापडायचा आहे, असं मानल्यावर पुरावा शोधायला निघालात तर तो सापडणारच. आणि पुरावा मिळू शकत नाही ही गोष्ट आरोपीच्या बाजूनं जायला हवी, ती त्यांनी आरोपीच्या विरुद्ध वळवली.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात 'शब्द' हे प्रमाण मानलेलं आहे, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होऊ शकतं. पण कुणाच्या सांगण्यावरून? आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतात, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे बोलणारा कोण आहे यावर भागत नाही, त्याला ते कळलं कसं, हे विचारावंच लागतं. डॅनफर्थच्या कोर्टात हा प्रश्न विचारायचीच सोय नव्हती. मुली म्हणाल्या, अमक्या बाईचं छायारूप येऊन मला चिमटे काढतं. ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली असली तरी चालेल, कारण तिचं रूप फिरत होतं! याला त्या काळी छायारूपाचा पुरावा म्हणत. आता सांगा, हा आरोप खोटा ठरवायला तुम्ही काय आणाल?

तिसरं ठिकाण. जॉन प्रॉक्टर हा शेतकरी कोर्टात एक कागद आणतो. त्याची बायको एलिझाबेथ, जाइल्स कोरीची बायको मार्था आणि म्हातारी रिबेका नर्स, या तिघी सज्जन आहेत असं ९१ गावकऱ्यांनी सह्या करून लिहून दिलेलं आहे. कुठल्याही कोर्टात ही बचावाची साक्ष. इथे काय होतं? त्या ९१ जणांना चौकशीसाठी पकडून आणण्याचा हुकूम निघतो. आरोपीची बाजू घेतली म्हणजे तुम्हीही संशयित. आता ब्याण्णवावा माणूस सही करील का? आणि मग गावात सगळे एकमुखानं आरोप करत आहेत असं चित्र दिसतं. विरोधात कुणी बोलत नाही म्हणजे सगळ्यांना पटलंय, असा आपण समज करून घेतो. उन्माद बाहेरून एवढा एकसंध दिसतो त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. आतून निम्मे लोक घाबरून गप्प असतात.

चौथं ठिकाण मेरी वॉरन. ही प्रॉक्टरच्या घरची कामवाली मुलगी. आरोप करणाऱ्या मुलींतलीच एक. ती धीर करून खरं सांगायला येते की, आम्ही ढोंग करत होतो. न्यायाधीश म्हणतात, मग आत्ता बेशुद्ध पडून दाखव. तिला जमत नाही. ती खोटं बोलत नव्हती तरी जमत नाही! तेव्हा आजूबाजूला सगळ्या किंचाळत होत्या, तुम्ही विश्वास ठेवत होता, त्या लाटेत मी पडले. आता लाट नाही, तर मी पडू कशी? उन्मादाचं याहून नेमकं वर्णन मी मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. ढोंग आणि खरं यांच्यामध्ये एक जागा असते. माणूस आधी थोडं करून बघतो, लोक मान डोलावतात, मग ते अंगात येतं, आणि कुठपर्यंत आपण करत होतो आणि कुठून पुढे होत होतं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मग बाकीच्या मुली मेरीवरच उलटतात. छपरावर पाखरू बसलंय आणि ते मेरीनंच पाठवलंय, असा आकांत करतात. मेरी काही वेळ टिकते आणि मग कोसळते. जगायचा एकच रस्ता तिला उरलेला असतो. ती प्रॉक्टरकडे बोट दाखवते.

पाचवं ठिकाण सांगताना मला अजूनही जड जातं. प्रॉक्टर आपली अब्रू पणाला लावतो. ॲबिगेल माझ्या बायकोवर सूड उगवते आहे, कारण माझे तिच्याशी संबंध होते, असं भर कोर्टात कबूल करतो. खरं-खोटं करायला एलिझाबेथला आत बोलावतात. प्रॉक्टरनं आधीच सांगितलेलं असतं, माझी बायको जन्मात खोटं बोललेली नाही. तिला माहीत नाही की नवऱ्यानं कबूल केलंय. ती नवऱ्याची लाज राखण्यासाठी आयुष्यात एकदाच खोटं बोलते, आणि त्या एका खोट्यानं त्याचा घात होतो. म्हणजे या कोर्टात खोट्या बोलणाऱ्या तगतात आणि जी कधीच खोटं बोलली नाही तिच्या मायेचाही फास होतो.

आता दोन शंका. त्या तुमच्याही मनात आल्या असतील.

पहिली : हे सगळं एका सूडबुद्धीच्या पोरीमुळे झालं, असं नाटक म्हणतं का? इथे मला मिलर यांच्याशी थोडं भांडायचं आहे. खऱ्या इतिहासात ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची आणि प्रॉक्टर साठीचा. दोघांच्या संबंधांचा कसलाही आधार नाही. मिलरनी तिचं वय १७ केलं, त्याचं तिशीत आणलं आणि हे प्रकरण रचलं. नाटककाराला तो अधिकार आहे. पण त्यामुळे प्रेक्षक घरी जाताना 'एका बाईनं गाव बुडवलं' असं म्हणत जाण्याचा धोका असतो. आणि मग 'बायका खोटे आरोप करतात' म्हणायला लोक या नाटकाचा दाखला देतात. तसं करू नका. नाटक नीट बघितलं तर त्या मुलींना बळ कोण देतंय? पाद्री, न्यायाधीश, आणि ज्यांना शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा आहे असे थॉमस पुटनमसारखे लोक. ॲन पुटनमची सात बाळं जन्मल्या-जन्मल्या दगावलेली आहेत. ती दुष्ट बाई नाही, तिला फक्त कुणीतरी जबाबदार हवं आहे. एरवी या मुलींचं घरात कुणी ऐकत नव्हतं. त्या नोकरी करणाऱ्या, मार खाणाऱ्या मुली. त्यांचं म्हणणं ऐकून घेणं ही चूक नव्हतीच. तक्रार ऐकलीच पाहिजे. चूक होती ती तक्रार तपासायचीच नाही, असं ठरवण्याची.

दुसरी शंका थोडी अवघड आहे. मिलरनी हे नाटक लिहिलं तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध चालू होता. सिनेटर मॅकार्थी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. संसदेची एक समिती लेखक-कलावंतांना बोलावून विचारत होती, तुम्ही पक्षात होता का, आणि तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? बरेचदा ती नावं समितीजवळ आधीपासून होती. तरी ती तुमच्या तोंडून हवी असायची. १९५२ मध्ये मिलर यांचे जवळचे सहकारी, दिग्दर्शक एलिया कझान यांनी समितीपुढे नावं दिली. त्याच सुमारास मिलर सेलमला जाऊन जुने खटल्याचे कागद वाचत होते. तर आक्षेप असा घेतला गेला की, चेटकिणी नसतात, पण कम्युनिस्ट तर होते! मग तुलना कशी चालेल? आक्षेपात तथ्य आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण नाटक ज्याविषयी आहे ते पद्धतीविषयी. खरा चोर अस्तित्वात आहे म्हणून कुणालाही चोर ठरवण्याची कुठलीही रीत योग्य होत नाही. उलट चोर खरेच असतात तेव्हा अशा रीतीला मान्यता लवकर मिळते, म्हणून तिथे जास्त जपायला हवं.

पुढे काय झालं बघा. १९५४ मध्ये याच नाटकाच्या बेल्जियममधल्या प्रयोगाला जायला सरकारनं मिलरना पासपोर्ट नाकारला. १९५६ मध्ये त्यांना त्या समितीपुढे उभं राहावं लागलं. स्वतःविषयी विचारा, मी बोलतो. दुसऱ्यांची नावं घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. संसदेच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले, आणि १९५८ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल रद्द केला. तीन वर्षं आधी प्रॉक्टरसाठी लिहिलेला प्रसंग लेखकाच्या स्वतःच्या वाट्याला आला होता.

तो प्रॉक्टरचा प्रसंग म्हणजे नाटकाचा शेवट. इथपर्यंत ॲबिगेल पैसे चोरून पळून गेलेली आहे. सगळ्यांच्याच मनात शंका आहे. तरी डॅनफर्थ फाशी पुढे ढकलत नाहीत. कारण? याच आरोपाखाली बारा जण आधीच फासावर गेले आहेत. आता यांना सोडलं तर त्या बारांचं काय उत्तर देणार? बघा, चूक जितकी मोठी, तितकं मागे फिरणं अवघड. ग्रंथ घेऊन आलेले विद्वान हेल आता तुरुंगात फिरून कैद्यांच्या विनवण्या करताहेत : खोटं बोला, कबूल करा, पण जगा. प्रॉक्टर तयार होतो. सहीसुद्धा करतो. पण दोन गोष्टी तो करत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही, आणि ती सही चर्चच्या दारावर लावायला देत नाही. शेवटी कागद फाडतो आणि फाशी जातो. अनेक जण याला अहंकार म्हणतात. मला वाटतं, त्याला कळलेलं असतं की आपली कबुली फक्त आपल्यापुरती राहणार नाही. ती शेजारच्या कोठडीतल्या रिबेकाविरुद्धचा पुरावा होणार आहे.

रिबेका नर्सची खरी हकिगतही सांगतो. वय ७१. ज्युरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टात गलका झाला, न्यायाधीशांनी ज्युरीला फेरविचार करायला सांगितलं. ज्युरीतल्या प्रमुखानं तिच्या एका वाक्याचा खुलासा तिला विचारला. ती गप्प राहिली. दोषी ठरली. नंतर तिनं कळवलं, मला ऐकू कमी येतं, प्रश्न मला कळलाच नाही. नाकारणं हा पुरावा होताच, इथे बहिरेपणसुद्धा पुरावा झालं.

मग हे थांबलं कसं? लोकांना अचानक दया आली का? थोडी आली असेल. आरोप बड्या घरांपर्यंत पोचले, हेही झालं. पण निर्णायक गोष्ट वेगळी होती. इन्क्रीज मॅथर यांच्यासारख्या ज्येष्ठ धर्मोपदेशकानं लिहिलं की छायारूपाच्या पुराव्यावर कुणाचा जीव घेऊ नये, एक निरपराध मरण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्स यांनी ते कोर्ट बरखास्त केलं. १६९३ मध्ये नवं कोर्ट बसलं, त्यानं छायारूपाचा पुरावा बाजूला ठेवला. आणि काय झालं? बहुतेक सगळे सुटले. लोक तेच, श्रद्धा तीच, सैतानाची भीती तीच. पुराव्याचा नियम तेवढा बदलला. माझं उत्तर मी सुरुवातीला सांगितलं होतं, त्याचा आधार हा आहे.

१६९७ मध्ये सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपला माफीनामा वाचू दिला. १७११ मध्ये वसाहतीनं कुटुंबांना सुमारे ५७८ पौंड भरपाई मंजूर केली. आणि एलिझाबेथ जॉन्सन नावाच्या शेवटच्या दोषी बाईचं नाव अधिकृतपणे निर्दोष व्हायला २०२२ साल उजाडलं. तीनशे तीस वर्षं.

तुम्ही म्हणाल, हे परक्या मुलखातलं, जुनं. तसं नाही. आपल्या सातपुड्यात, नंदुरबार भागात, बाईला 'डाकीण' ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर घालवण्याचे प्रकार आपल्या काळातले आहेत. घरात कुणी आजारी पडलं, मूल गेलं, की बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमका माणूस करणी करतो, असं जाहीर करून त्याचं जगणं मुश्किल करणं, हाच तिथे गुन्हा आहे. सेलमच्या कोर्टात जो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, त्याच्या जागी इथे बोट दाखवणारा उभा केला आहे.

आणि तरी, हे फक्त डोंगरातल्या पाड्यावर घडतं असं समजून आपण शहरातली माणसं निश्चिंत होऊ नये. म्हणून शेवटी एक स्वतःची गोष्ट सांगतो. सांगायला आवडत नाही, पण इतका वेळ डॅनफर्थविषयी बोललो, तेव्हा सांगायला हवी.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवत होतो. तिथे परीक्षेचा पेपर फुटला. संशय एका शिपायावर आला, कारण कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे. आणखी दोघांकडेही असे, पण ते प्राध्यापक. तिघांची चौकशी समिती नेमली, त्यात मी होतो. तर्कशास्त्राचा माणूस म्हणून मुद्दाम घेतलेला. तो शिपाई आमच्यासमोर रडला. एक सदस्य म्हणाले, मनात खोट नसेल तर रडतो कशाला? मला खात्री आहे, तो रडला नसता तर ते म्हणाले असते, केवढा निर्ढावलेला आहे बघा. मी विचारलं, कुणी पाहिलंय का? तर उत्तर आलं, अहो सर, पेपर फोडणारा साक्षीदार ठेवून फोडतो का? नंतर त्याला सांगण्यात आलं, बाहेरचं कोण सामील आहे त्याचं नाव सांग, तुला सांभाळून घेऊ. तो म्हणाला, 'साहेब, कुणाचं नाव घेऊ?' आम्हाला तो उद्धटपणा वाटला.

अहवालावर मी सही केली. त्याची नोकरी गेली.

मित्रहो, तेव्हा मी हे नाटक वाचलेलं होतं. दोन वेळा. डॅनफर्थचा युक्तिवाद फळ्यावर लिहून मुलांना चूक शोधायला सांगत होतो. समोरच्या टेबलावर तोच युक्तिवाद आला तेव्हा मला तो ओळखता आला नाही, कारण तो माझ्या ओळखीच्या, भल्या माणसाच्या तोंडून, साध्या मराठीत आला होता. त्या शिपायानं पेपर फोडला होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. माझी चूक हीच आहे. आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही माहीत असल्यासारखी सही केली.

तेव्हापासून कुणावरही आरोप झालेला ऐकला, कुणाचा व्हिडिओ मोबाइलवर आला, सोसायटीच्या सभेत कुणाचं नाव निघालं, की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ते तुमच्याकडे देऊन थांबतो. पहिला : सांगणाऱ्याला हे कळलं कसं? दुसरा : हा माणूस निर्दोष आहे असं मानायला मी कधी तयार होईन, म्हणजे काय समोर आलं तर? याचं उत्तर 'काहीही आलं तरी नाही' असं असेल, तर मी चौकशी करत नाही, शिक्षा देतो आहे. तिसरा : त्याची बाजू घेणाऱ्याला इथे भीती वाटते आहे का? वाटत असेल, तर आजूबाजूच्या शांततेला संमती समजायचं नाही.

ज्या बाईंनी प्रश्न विचारला, त्यांना एवढंच म्हणेन : गाव वेडं झालेलं नसतं. गावात माझ्यासारखी माणसं असतात, आणि त्यांच्या हातात पेन असतं.

थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर कळवा. जमलं तर पुढच्या खेपेला विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'विषयी बोलू. तिथलं कोर्ट खेळातलं आहे, पण बेणारे बाईंच्या बाबतीत तेही आजच्यासारखेच प्रश्न समोर ठेवतं. तोवर मूळ नाटक मिळवून जरूर वाचा.